रुस्तुमला हाड म्हणताना

आमच्या कुत्र्याला घाबरायला कारण लागत नसे. कुकरची शिट्टी झाली की तो घाबरायचा आणि शिट्टी व्हायला वेळ लागला की त्या वेळालाही घाबरायचा. दिवे गेले की थरथरायचा, आले की पळत सुटायचा. हे मला जरा जास्तच लागायचं, कारण मी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात नोकरीला. तिथे मी वीज करत नाही, वीज करणाऱ्यांचे पगार काढतो. पण पंचवटीतल्या आमच्या सोसायटीत दिवे गेले की लोक मेणबत्तीच्या आधी मला शोधतात. त्यात आता घरचं कुत्रंही सामील झालं होतं.

त्याचं नाव रुस्तुम. नावाचा स्वभावावर परिणाम होतो अशी माझी समजूत होती. माझं स्वतःचं नाव रणजित आहे आणि मी आजवर एकही रण जिंकलेलं नाही, त्यावरून मी शहाणं व्हायला हवं होतं. आमचा ज्ञानेश शिकायला पुण्याला गेला, घर रिकामं वाटायला लागलं, म्हणून भाजीबाजारात मेथी विकणाऱ्या मालनबाईंकडून मी हा तांबूस रंगाचा प्राणी आणला. त्या म्हणाल्या होत्या, "लय गुणाचं हाय, दादा. आवाज नाय, तरास नाय." मला वाटलं, बाई विनयाने बोलताहेत. पण त्या अगदी खरं तेच सांगत होत्या. घरात पाऊल टाकताच रुस्तुम जो ज्ञानेशच्या खाटेखाली शिरला तो तिथलाच रहिवासी झाला. जेवण आम्ही आत सरकवायचो. बाकीचे विधी तो पहाटे, जग झोपेत असताना, मागच्या अंगणात उरकून यायचा.

तेही चाललं असतं. पण सिंहस्थ वर्षावर आला होता आणि सगळं नाशिक नटायला निघालं होतं. रस्ते रुंद होत होते, घाटांना रंग लागत होता, आणि एका सकाळी भोंगा लावलेली रिक्षा आमच्या गल्लीतून ओरडत गेली. ज्या कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला नसेल ते उचलण्यात येईल, मग मालकाची तक्रार चालणार नाही. रुस्तुम त्या भोंग्यालाही घाबरला. आयुष्यात पहिल्यांदा तो योग्य गोष्टीला घाबरला होता.

मी तातडीने बिल्ल्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "इंजेक्शन दिलंय का?"

"द्यायचंय."

"मग कुत्रं घेऊन या. शेजारीच दवाखाना आहे. तिथे इंजेक्शन, इथे बिल्ला."

"त्याचं काय आहे, तो जरा भित्रा आहे. खाटेखालून बाहेर येत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, बिल्ला कुत्र्याला द्यायचाय. खाटेला नाही."

मागच्या रांगेत लोक हसले. मी सरकारी खात्यातला माणूस. खिडकीच्या आतल्या बाजूने असं बोलायची मला सवय आहे, बाहेरच्या बाजूने ऐकायची नाही. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना बरीच उत्तरं दिली.

मग एका खाजगी डॉक्टरांना घरी बोलावलं. ते बिचारे पोटावर झोपून, सिरिंज हातात घेऊन खाटेखाली शिरले. रुस्तुम भिंतीला चिकटून वर सरकत गेला, डॉक्टरांचा हात उसळला आणि ते इंजेक्शन वरून लोंबणाऱ्या गादीला बसलं. आमची गादी आता वर्षभर पिसाळणार नाही, एवढंच त्यातून निष्पन्न झालं. मंजुषा, म्हणजे आमची ही, म्हणाली, "अहो, त्याला ओढून काढण्यात अर्थ नाही. त्याला आपणहून बाहेर यावंसं वाटलं पाहिजे."

सल्ला बरोबर होता, पण बायकोचा होता. म्हणून मी तो सोडून सुभेदार यादवांकडे गेलो. यादव देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले आणि आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. ते कुठल्याही प्रश्नावर उभ्याने उत्तर देतात.

"हिंमत कशाने येते, गर्गे?" त्यांनी मलाच विचारलं.

"संस्कारांनी?"

"खाण्याने! तुम्ही त्याला काय घालता? वरण-भात. वरणावर कुठली फौज लढलीय? हाड द्या त्याला. मटणाचं, चांगलं मांस लागलेलं. समोर धरा आणि हाक मारा. तोफ डागली तरी मागे हटणार नाही."

आता आमच्या घरात चातुर्मासात लसूणसुद्धा मागच्या दाराने येतो. पण मी इरेला पेटलो होतो. संध्याकाळी कामावरून येताना नाशिकरोडला उतरलो आणि इकडेतिकडे पाहत एका खाटकाच्या दुकानात शिरलो. "किती देऊ?" म्हणाला. हाडं किलोवर घेतात की नगावर, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "एका कुत्र्याला पुरेल एवढी." वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो ऐवज डब्याच्या पिशवीत घालून मी बसमध्ये बसलो, तर शेजारी कोण यावं? आमच्या शेजारचे दामूगुरुजी. रामकुंडावर क्रियाकर्मं करणारे, अत्यंत सोवळे गृहस्थ. पिशवी मांडीवर घेऊन मी त्यांच्याशी पंचवटीपर्यंत गीतेवर बोललो. माझा एवढा व्यासंग आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी हाड ताटलीत घेतलं, खाटेसमोर मांडी घातली आणि आवाजात जेवढं लोणी ओतता येईल तेवढं ओतून म्हणालो, "रुस्तुम, बघ काय आणलंय! हाड! हाड, हाड!"

खाटेखाली धडपड झाली. एक तांबूस झोत माझ्या खांद्यावरून गेला, मोरीत शिरला आणि बादलीमागे दिसेनासा झाला. मी ताटली घेऊन मागे गेलो. "अरे, हाड रे, हाड!" तो मोरीतून निघून कपाटावर चढला. कुत्र्याला कपाटावर चढता येतं हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याच्या अंगाला कापरं भरलं होतं आणि तो अशा काही नजरेने माझ्याकडे बघत होता, की यालाही शेवटी हेच म्हणायचं होतं तर.

मंजुषा ओट्याला टेकून हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. "अहो, तुम्ही त्याला हाड म्हणताय. जन्मल्यापासून हा शब्द ऐकला की पाठोपाठ दगड आलाय त्याला. तुमच्या मनातलं हाड आणि त्याच्या पाठीतलं हाड एक आहे का?"

मला फार वाईट वाटलं. मराठीचाही राग आला. एवढी समृद्ध भाषा, संतांनी घडवलेली, आणि तिच्यात कुत्र्याला द्यायच्या वस्तूला आणि कुत्र्याला हाकलायला मिळून एकच शब्द असावा! पण हार मानायची नाही म्हणून मी दुसऱ्या दिवशी संस्कृतचा आधार घेतला. सकाळच्या शांत वेळी, खिडक्या उघड्या, मी खाटेपुढे बसून गोड आवाजात पुकारा सुरू केला, "अस्थी! अस्थी आणल्यात बघ! ये, घे, अस्थी!"

रुस्तुमने एक कान हलवला. ही प्रगती होती. मी आवाज चढवला. तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात दामूगुरुजी, खांद्यावर पंचा, चेहरा गंभीर.

"कोण गेलं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"कोणी नाही. सगळे घरातच आहेत."

"गर्गे, दुःखात माणूस असं बोलतो. पण अस्थी घरात आणायच्या नसतात हो. दाराबाहेर झाडाला टांगून ठेवायच्या. आणि मला कळवलंही नाही? पलीकडेच राहतो मी. किती वाजता निघायचं कुंडावर?"

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. खरं सांगण्याचा निर्णय चुकीचा होता. "कुणाच्या अस्थी?" म्हणून त्यांनी विचारलं, मी म्हटलं "बोकडाच्या," आणि त्यांना बसमधली ती पिशवी आठवली. त्यांच्या चेहऱ्यावर गीतेचे अठराही अध्याय उमटून गेले. ते तसेच मागे वळले आणि आंघोळीला गेले.

मंजुषाने त्या दिवशी माझ्या हातून ताटली काढून घेतली. "आता मी सांगते तसं करा," ती म्हणाली. "तो ज्या शब्दाला भितो ना, तोच शब्द गोड करायचा. हाड म्हणायचं आणि ग्लुकोजचं बिस्किट द्यायचं. मारायचं नाही, ओढायचं नाही. हाड म्हटलं की बिस्किट, बस." मांसाहाराचा विषय तिथेच संपला.

मग आमच्या घरात एक विचित्र पर्व सुरू झालं. सकाळी उठल्यावर देवाच्या आधी हाड. "हाड रे माझ्या सोन्या." "हाड की रे, बाळा, हाड." ती पोळ्या लाटता लाटता लाडाने हाड म्हणायची. मी कामावरून आल्यावर बूट काढता काढता म्हणायचो. रविवारी पुण्याहून ज्ञानेशचा फोन आला की तो तिकडून म्हणायचा आणि आम्ही रिसीव्हर खाटेखाली धरायचो. पहिल्यांदा बिस्किट आम्ही गेल्यावर नाहीसं व्हायचं. मग आम्ही असताना एक नाक बाहेर यायला लागलं. नाकामागून डोळे आले. आणि एका दुपारी, मी हाड म्हटल्यावर, अख्खा कुत्रा बाहेर आला, माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवून उभा राहिला आणि त्याचं शेपूट हललं. त्याला ते हलवायची सवय नव्हती; अडखळत, एका बाजूलाच जास्त हलत होतं. मी बिस्किट द्यायचं विसरलो. मंजुषाने हाताला चिमटा काढला तेव्हा दिलं.

त्याची हिंमत वाढत गेली. उंबरठा, जिना, अंगण, फाटक. शेवटी त्याला घरात आणणं मुश्कील झालं. एकच अडचण होती, जी इतक्या सोप्या रीतीने समोर येऊनही माझ्या हिशेबी डोक्याला आधी दिसली नाही. जगात सगळेच लोक कुत्र्याला हाड म्हणतात. म्हणजे आता सगळं जग रुस्तुमला बिस्किटाला बोलावत होतं. दूधवाल्याने हाड म्हटलं, हा त्याच्या सायकलवर. शाळेतून येणाऱ्या पोरी घाबरून हाड हाड करायच्या, हा आनंदाने त्यांच्याभोवती फेर धरायचा. यादवांनी तोफखान्याच्या आवाजात हाड म्हटलं तेव्हा तर त्याने धावत येऊन त्यांच्या मिशीवरून जीभ फिरवली.

आणि मग दामूगुरुजी सापडले. ते रामकुंडावरून ओलेत्याने परतत होते, नेसूचं सोवळं, हातात तांब्या. फाटकात रुस्तुम. गुरुजींनी दुरूनच "हाड!" केलं. रुस्तुम उठला. "हाड हाड!" रुस्तुम धावला. "अरे, हाड मेल्या, हाड, हाड, हाड!" एवढं आग्रहाचं आमंत्रण त्याला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. त्याने दोन्ही पंजे गुरुजींच्या सोवळ्यावर ठेवले आणि बिस्किटाची वाट पाहत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. गुरुजी पुन्हा कुंडावर गेले. परत आले. तो तिथेच होता, आणि सवयीने त्यांच्या तोंडून पुन्हा तोच शब्द गेला.

संध्याकाळी सोसायटीची बैठक बसली. गुरुजी म्हणाले, "या कुत्र्याला म्हणावं तरी काय? हाड म्हटलं तर अंगावर येतो. नाही म्हटलं तर जात नाही." यादवांनी उभं राहून निकाल दिला, "बिल्ला आणा, गर्गे. बिल्ला असेल तर तो रहिवासी. नसेल तर गाडीने नेलं तरी आम्ही मध्ये पडणार नाही."

ते आता अवघड नव्हतं. मी रुस्तुमला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर त्याला टेबलावर चढवताना वैतागून "हाड" म्हणाले, आणि त्याने स्वतःहून टेबलावर बसून इंजेक्शन घेतलं. मी छाती पुढे काढून शेजारच्या खिडकीपाशी गेलो. "हे घ्या. कुत्रं हजर आहे."

"कुत्रं हजर आहे," ते गृहस्थ म्हणाले, "पण बिल्ले संपलेत. पावती देतो. नवे आले की या."

त्या पावतीची घडी खिशात घालून मी आठवडाभर अस्वस्थ फिरलो. कामावर बसलो की वाटायचं, गाडी आली असेल. घरी असलो की गल्लीच्या तोंडाशी जाऊन बघून यायचो. पगारपत्रकात एका शिपायाला मी साहेबाचा भत्ता लावला. मंजुषा म्हणाली, "एवढं घाबरायला काय झालंय? खाटेखाली जागा झालीय, तुम्ही जाऊन बसा."

आणि गाडी आलीच. सकाळी मी डबा घेऊन बससाठी निघालो होतो. रुस्तुम रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीशी गल्लीतल्या कुत्र्यांच्या घोळक्यात उभा होता. जाळी लावलेली गाडी कोपऱ्यावर थांबली, लांब काठीला फास लावलेली दोन माणसं उतरली. कुत्र्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. पळ म्हणून सांगायचं होतं मला. आणि कुत्र्याने पळावं म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जे ओरडतात, तेच मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"हाड! रुस्तुम, हाड! हाड!"

गल्लीतली सगळी कुत्री त्या आवाजासरशी उधळली. एकही गाडीच्या हाती लागलं नाही. फक्त एकच कुत्रं पळालं नाही. ते वळलं, मला पाहिलं, आणि कान मागे टाकून आनंदाने सरळ माझ्याकडे धावत सुटलं. फास घेतलेला माणूस आमच्या दोघांच्या मध्येच उभा होता.

मी पावती नाचवत गाडीमागे धावलो. गाडीतला माणूस म्हणाला, "पावती गळ्यात बांधली व्हती का? कोंडवाड्यावर या. संध्याकाळी गाडी पेठच्या जंगलाकडं सोडाया जाईल, त्याच्या आत या." जाळीतून रुस्तुम माझ्याकडे बघत होता. बिस्किट मिळालं नव्हतं, एवढंच त्याला कळलं असावं.

मी तसाच घरी पळालो. मंजुषाने ऐकताच बिस्किटांचा पुडा घेतला आणि स्कूटरवर मागे बसली. पूर्ण रस्ताभर मी तिला म्हणत होतो, रागाव तरी. मीच बोलावलं होतं त्याला. त्या शब्दावर भरवसा ठेवायला आम्हीच शिकवलं, आणि तो भरवसा त्याने माझ्यावर ठेवला तेव्हा त्याच्या गळ्यात दोर पडला.

कोंडवाड्याचा रखवालदार फकिरा पावती उलटसुलट करून म्हणाला, "गावठी, तांबूस, नर. सायेब, आतमधी बघा. समदी तांबडीच हायेत." खरंच होतं. सिमेंटचा मोठा हौद, लोखंडी गज, आणि आत भुंकणाऱ्या, ओरबाडणाऱ्या, एकमेकांवर चढणाऱ्या कुत्र्यांची एकच तांबूस लाट. मी "रुस्तुम!" म्हणून हाक मारली. त्या नावावर त्याला कधी बिस्किट मिळालंच नव्हतं. कोणी वळून पाहिलं नाही.

"बिल्ला असता तर लगीच घावलं असतं," फकिरा म्हणाला. "असं करा, ह्यातलं एक न्या. पावतीत बसतंय."

मंजुषाने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं ती काय म्हणतेय. पण माझी जीभ उचलेना. सकाळी ज्या शब्दाने फास पडला तोच शब्द पुन्हा म्हणायचा? आणि म्हटल्यावर कोणी आलंच नाही तर? तो आता कुठल्यातरी कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, पुन्हा खाटेखालचा झाला असेल तर? त्याला खाटेखालून काढायला एवढे दिवस लागले होते, आणि परत पाठवायला मला एक सकाळ पुरली होती.

"म्हणा ना," ती म्हणाली. तिने बिस्किटांचा पुडा फोडून हातात धरला होता.

मी गज धरले. "हाड," मी म्हणालो. गोंगाटात ते मलाच ऐकू आलं नाही. मग डोळे मिटून ओरडलो, "हाड!"

एकदम शांतता झाली. डोळे उघडले तर सगळी कुत्री मागच्या भिंतीपर्यंत हटली होती. शेपट्या पोटाशी, माना खाली, एकमेकांत घुसून उभी. एवढ्या सगळ्यांना तो शब्द एकच शिकवला गेला होता. आणि मोकळ्या झालेल्या मध्यावर एक कुत्रा उभा होता. पाय थरथरत होते, मानेवर दोराचा लाल वळ होता. तो एक पाऊल पुढे आला, थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मग आणखी एक आला. गजांपाशी येऊन त्याने नाक माझ्या मुठीवर टेकवलं, आणि त्याचं ते एका बाजूलाच जास्त हलणारं शेपूट हलायला लागलं.

"आयला," फकिरा म्हणाला. "हाड म्हनल्यावर आलं? न्या सायेब, तुमचंच हाय." त्याने कुलूप काढलं. मंजुषाने अर्धा पुडा रुस्तुमला दिला आणि उरलेली बिस्किटं गजांतून आत, त्या मागच्या भिंतीकडे टाकली. टाकताना ती प्रत्येकाला हाड म्हणत होती.

स्कूटरवर दोघांच्या मध्ये कुत्रा घेऊन आम्ही सोसायटीत शिरलो, तेव्हा फाटकात नेमके दामूगुरुजी. नुकतेच कुंडावरून आलेले, ओलेते, सोवळ्यात. जिन्यात यादव, गच्चीवर बायका. सकाळची बातमी सगळ्यांना होती. रुस्तुम खाली उतरला आणि गुरुजींना पाहून जागच्या जागी थांबला. त्याने पुढे पाऊल टाकलं नाही. मान खाली घालून तो माझ्या पायामागे यायला लागला. मी गुरुजींना म्हटलं, "भिऊ नका, घेऊन जातो आत."

गुरुजी त्याच्या मानेवरच्या वळाकडे बघत होते. त्यांनी हातातला तांब्या कट्ट्यावर ठेवला, सोवळ्याचा काचा सारखा केला आणि घसा खाकरला.

"हाड," ते म्हणाले. अगदी हळू, नातवाला म्हणावं तसं. "हाड रे, हाड."

रुस्तुमने मान वर केली. मग धावला आणि दोन्ही पंजे त्यांच्या ओल्या सोवळ्यावर ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. गुरुजी काही हलले नाहीत.

"अहो मंजुषाताई," ते मानही न वळवता म्हणाले, "बघत काय उभ्या राहिलात? बिस्किट आणा. मी हाड म्हणालोय त्याला."